आपला तो बाब्या, न्यूयॉर्कचं ते कार्टं

दर वर्षी १ जुलै उजाडला की न्यूयॉर्कचा ‘मेट्स’ हा बेसबॉल संघ बॉबी बोनिया यांना ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर आणि २० सेंट देतो. बोनिया यांचा जन्म १९६३चा. मेट्सकडून ते शेवटचे खेळले १९९९ साली, आणि २००१ नंतर तर कुणाकडूनच खेळलेले नाहीत. तरी २०११ पासून हे वर्षासन सुरू आहे. २०३५ साली शेवटचा हप्ता मिळेल तेव्हा ते ७२ वर्षांचे असतील. अमेरिकेतल्या चाहत्यांनी या तारखेचा ‘बॉबी बोनिया दिन’ करून टाकलाय आणि त्या दिवशी मेट्सची यथेच्छ टिंगल होते. मला मात्र त्या २० सेंटांचं कौतुक वाटतं. उधारी पंचवीस वर्षांची, पण हिशेब दमडीपर्यंत चोख.

हा हिशेब घरबसल्या करून पाहता येतो. २००० साली मेट्सना बोनिया नकोसे झाले होते, पण करारातले ५९ लाख डॉलर द्यायचे बाकी होते. बेसबॉलमधला करार पक्का असतो. खेळाडूचा सूर हरवलेला असो, दुखापतीनं तो बसून असो, नाहीतर संघानंच त्याला घरी पाठवलेलं असो, ठरलेले पैसे मोजावेच लागतात. मग दोन्ही बाजूंनी ठरवलं की पैसे आत्ता द्यायचे नाहीत, ८ टक्के व्याज धरून २०११ पासून पंचवीस समान हप्त्यांत फेडायचे. आता बँकेतली मुदत ठेव डोळ्यांपुढे आणा. ८ टक्क्यांनी रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. अकरा वर्षांत ५९ लाखांचे साधारण १ कोटी ३७ लाख होतात. त्यातून दर वर्षी एक हप्ता काढायचा, उरलेल्यावर व्याज चालू ठेवायचं आणि पंचविसाव्या हप्त्याला ठेव बरोबर संपवायची. हप्ता येतो ११ लाख ९३ हजारांच्या घरात. ज्याला सगळे वेडेपणा म्हणतात ते शाळेतलं चक्रवाढ व्याज आहे. फसगत झाली ती दुसरीकडे. मेट्सच्या मालकांचा बराच पैसा तेव्हा बर्नार्ड मॅडॉफकडे गुंतवलेला होता आणि तिथे ८ टक्क्यांहून जास्त सुटतील असा त्यांचा होरा होता. डिसेंबर २००८ मध्ये मॅडॉफचं पितळ उघडं पडलं. बोनियांचं वर्षासन तेवढं शाबूत राहिलं.

आता दुसरा करार. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानी हा जपानी खेळाडू लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. दहा वर्षं, ७० कोटी डॉलर. तो चेंडूही टाकतो आणि बॅटही चालवतो, आणि दोन्हीत अव्वल आहे. असा खेळाडू शंभर वर्षांत झाला नव्हता, म्हणून आकडाही तसाच. पण या दहा वर्षांत त्याच्या हातात दर वर्षी पडणार फक्त २० लाख. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात मिळतील, आणि त्यावर व्याज शून्य. बोनियांनी व्याज घेतलं, यानं सोडलं. उद्देश हा की, आज वाचलेल्या पैशांतून संघानं आणखी चांगले खेळाडू घ्यावेत. संघानं ते घेतले, आणि २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली.

झालं, बाकीच्या शहरांमधून एकच ओरड: हा तर दरोडा! ऋण काढून सण साजरा करताहेत! आयपीएलमध्ये असते तशी पगाराची कमाल मर्यादा अमेरिकेच्या बेसबॉल लीगमध्ये नाही. एका रेषेच्या वर खर्च गेला की संघाला कर भरावा लागतो. २०२५ मध्ये ती रेषा २४ कोटी १० लाख डॉलरवर होती. ओहतानीचे वर्षाला २० लाखच धरले जातात आणि डॉजर्स कर चुकवतात, असं पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. उद्याच्या पैशांची आजची किंमत काढून त्याच्या नावावर वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाख मांडले जातात. आणि सगळ्यात मौजेची गोष्ट वेगळीच आहे. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हे डॉजर्सचे पिढीजात वैरी. त्यांनीही ओहतानीपुढे जवळपास हाच प्रस्ताव ठेवला होता, हे त्यांच्याच तेव्हाच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं. तो तिकडे गेला असता तर सॅन फ्रान्सिस्कोत याच कराराला काय म्हटलं गेलं असतं? दूरदृष्टी, दुसरं काय.

एकच युक्ती आहे. मेट्सनी केली तर मूर्खपणा, डॉजर्सनी केली तर लबाडी, आपण केली तर शहाणपण. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण बेसबॉलला चपखल बसते, आणि नुसत्या अर्थानं नाही. कारण या खेळातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस नावानंही बाब्याच होता.

जॉर्ज हर्मन रूथ, ऊर्फ बेब रूथ. १९१४ साली तो बोस्टन रेड सॉक्सकडे आला तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून. मग लक्षात आलं की हा चेंडू टाकतो त्यापेक्षा भयंकर मारतो. १९१९ मध्ये त्यानं २९ होम रन, म्हणजे आपल्या षटकारांसारखे फटके, ठोकले, तेव्हाचा विक्रम. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनचे मालक हॅरी फ्रेझी यांनी त्याला न्यूयॉर्क यांकीजला १ लाख डॉलरला विकलं. फ्रेझी मूळचे नाटकांचे निर्माते. ‘विकलं’ हा शब्द शब्दशः घ्यायचा. त्या काळी खेळाडू एकदा संघाला बांधला गेला की कायमचा. संघानं सोडलं तरच सुटका. हे जोखड तुटायला १९७५ चा डिसेंबर उजाडावा लागला. यांकीजकडे गेल्यावर पहिल्याच हंगामात रूथनं ५४ होम रन मारले. तोवर यांकीजनी एकदाही वर्ल्ड सीरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकली नव्हती. आज त्यांच्या खात्यावर २७ आहेत. रेड सॉक्स १९१८ मध्ये जिंकले होते, ते पुन्हा जिंकले थेट २००४ मध्ये. शहाऐंशी वर्षं. बोस्टनमध्ये आजोबांनी नातवाला न्यूयॉर्कचा राग वारसाहक्कानं द्यावा, एवढा हा काळ.

त्या रागाची भाषाही बघण्यासारखी आहे. २००२ च्या डिसेंबरमध्ये होसे कोंत्रेरास हा क्यूबाचा पिचर यांकीजनी बोस्टनच्या हातातोंडाशी आलेला असताना पळवला. तेव्हा रेड सॉक्सचे अध्यक्ष लॅरी लुकिनो यांनी यांकीजना ‘ईव्हिल एम्पायर’, दुष्ट साम्राज्य, म्हणून हिणवलं. नाव इतकं चिकटलं की एका कंपनीनं ते आपल्या मालावर छापण्यासाठी ट्रेडमार्क मागितला. यांकीजचे वकील धावत गेले. त्यांचं म्हणणं काय, तर बेसबॉलमधलं दुष्ट साम्राज्य म्हटलं की लोकांना आम्हीच आठवतो, दुसऱ्या कुणाला ते वापरता येणार नाही. २०१३ मध्ये निकालही त्यांच्याच बाजूनं लागला. आपल्याला मिळालेल्या शिवीची मालकी कागदोपत्री मिळवणारी दुसरी कुठली संस्था मला ठाऊक नाही.

आणि हे साम्राज्य-साम्राज्य ओरडणारं बोस्टन त्या वेळी काय करत होतं? २००४ मध्ये पगारावरच्या खर्चात यांकीज पहिले होते आणि रेड सॉक्स दुसरे. २००६ मध्ये दाइसुके मात्सुझाका या जपानी पिचरशी नुसतं बोलायला बसण्याचा हक्क मिळावा म्हणून रेड सॉक्सनी त्याच्या जपानी संघाला ५ कोटी ११ लाख डॉलरची बोली लावली. करार त्यानंतर, वेगळा. बोस्टनमध्ये त्याला कुणी दुष्टपणा म्हटलं नाही.

यावर हसण्याआधी एक प्रयोग ऐकून ठेवा. यांकीज आणि रेड सॉक्स यांच्या कट्टर चाहत्यांना मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात झोपवून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सामन्यांतले प्रसंग दाखवले. अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला संघ जिंकत असताना मेंदूतला सुखाशी, बक्षिसाशी जोडलेला भाग उजळला. हे अपेक्षितच. पण वैरी संघ बाल्टिमोर ओरिओल्स या तिसऱ्याच संघापुढे तोंडघशी पडला, तेव्हाही तोच भाग उजळला. आपण मैदानात नाही आणि आपल्याला कवडीचा लाभ नाही, तरी मनात गुदगुल्या! शेजाऱ्याच्या दुःखाचा आनंद आपण वागण्यात लपवू शकतो, मेंदूत नाही. ज्यांच्यात हा आनंद जास्त दिसला, त्यांनीच वैरी चाहत्यांना शिवीगाळ किंवा मारहाण करण्याची शक्यताही जास्त सांगितली.

पैशांची जशी उसनवारी, तशी पराभवाचीही असते. हे मला या खेळातलं सगळ्यात अजब प्रकरण वाटतं. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या वर्गात ढकलला जातो. अमेरिकेत शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी तिथेच असतो, वर त्याला खाऊही मिळतो: शाळा-कॉलेजांतल्या नव्या पोरांची निवड करताना जास्त हरलेल्यांचा नंबर आधी. शिवाय मोठ्या लीगमध्ये आलेला खेळाडू पहिली सहा वर्षं त्याच संघाचा, आणि त्यातली साधारण तीन जवळपास किमान पगारावर. २०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. म्हणजे चार-पाच हुशार पोरं एकाच सुमाराला पिकवली, तर ती महाग होण्याआधी विजेतेपदाचा घास घेता येतो. त्यासाठी आधी काही वर्षं खुशाल हरायचं. आपल्या संघानं केलं तर याला ‘रीबिल्डिंग’, पुनर्बांधणी म्हणतात. दुसऱ्यानं केलं तर ‘टँकिंग’, जाणूनबुजून बुडी मारणं.

ह्यूस्टन ॲस्ट्रोज बुडाले ते अगदी तळ गाठून. १६२ सामन्यांच्या हंगामात २०११ मध्ये १०६ पराभव, २०१२ मध्ये १०७, २०१३ मध्ये १११. त्या शेवटच्या हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्या सगळ्या संघाचा मिळून पगार यांकीजच्या एकट्या ॲलेक्स रॉड्रिगेझच्या पगाराहून कमी होता. सप्टेंबरमधल्या एका सामन्याचं ह्यूस्टनमधलं टीव्ही रेटिंग ०.० आलं. आणि खाऊ? सलग तीन वर्षं पहिली निवड त्यांची. २०१२ चा कार्लोस कोरेया हिरा निघाला. २०१३ चा मार्क अपेल ह्यूस्टनकडून एकही सामना खेळला नाही. २०१४ च्या ब्रेडी एकनशी कोपराच्या तपासणीवरून बिनसलं आणि करारच झाला नाही. त्याची भरपाई म्हणून पुढच्या वर्षी मिळालेल्या निवडीतून आला ॲलेक्स ब्रेगमन, जो तारा झाला. आणि या संघाचा कणा ठरलेला होसे अल्तुवे? तो हरण्याच्या कमाईतून आलेलाच नव्हता. व्हेनेझुएलाच्या त्या बुटक्या पोराला ॲस्ट्रोजनी २००७ मध्येच १५ हजार डॉलरवर घेऊन ठेवलं होतं. हरलो म्हणून जिंकलो, या गोष्टीत नशिबाचा वाटा सांगायला सगळेच विसरतात. जून २०१४ मध्ये ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’नं मुखपृष्ठावर २०१७ चे विजेते म्हणून ॲस्ट्रोजना छापलं तेव्हा लोक हसले होते. २०१७ मध्ये ते जिंकले.

आता शेवटच्या संघाला पहिला नंबर हमखास मिळत नाही. पहिल्या सहा नंबरांसाठी सोडत निघते, आणि ओळीनं लाभ घेण्यावरही निर्बंध आहेत. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, आधुनिक काळातला उच्चांक. पुढच्या निवडीत त्यांचा नंबर लागला दहावा.

ॲस्ट्रोजच्या विजयाला मात्र डाग लागला. कॅचर बोटांनी पिचरला खूण करतो, पुढचा चेंडू कसला टाकायचा याची. ॲस्ट्रोजनी ती खूण कॅमेऱ्यातून टिपली, मैदानालगत पडद्यावर पाहिली आणि आपल्या फलंदाजाला कळवली. कशी, तर जवळच्या कचऱ्याच्या पिंपावर बॅट बडवून! आवाज आला तर चकवणारा चेंडू, नाही आला तर वेगवान. अब्जावधींच्या धंद्यात चोरीचं हत्यार कचऱ्याचं पिंप. जानेवारी २०२० मध्ये ५० लाख डॉलर दंड झाला, निवडीचे नंबर गेले, व्यवस्थापकांच्या नोकऱ्या गेल्या. यांकीजच्या मैदानात अल्तुवे उतरला की आजही हुर्यो होते. त्याच यांकीजनी २०१५-१६ मध्ये रीप्लेच्या खोलीतून खुणा फोडल्या होत्या आणि त्यांना १ लाख डॉलर दंड झाला होता, हे २०२२ मध्ये एका जुन्या पत्रातून बाहेर आलं. बोस्टनला तर मनगटी स्मार्टवॉच वापरून हेच केल्याबद्दल २०१७ मध्येच दंड झाला होता. ॲस्ट्रोजचा गुन्हा या दोघांहून मोठा होता, यात मला वाद नाही. हुर्यो करणारा घसा पुरता स्वच्छ नव्हता, एवढंच.

पण म्हणीलाही अपवाद निघतो. ॲस्ट्रोजचाच एक चाहता २०१७ च्या घरच्या सामन्यांच्या चित्रफिती घेऊन बसला. स्वतःच्या लाडक्या संघाच्या फलंदाजांना पडलेले ८,२७४ चेंडू त्यानं एकेक करून ऐकले, आणि पिंपाचा आवाज आलेले मोजून जगापुढे मांडले. ते निघाले १,१४३.