शब्द कुणाचा? बायबलचं भाषांतर आणि अर्थ सांगण्याचा अधिकार

नमस्कार मंडळी.

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाण पाहिलं. आप्ताचं वचन हे ज्ञानाचं साधन आहे असं नैयायिक म्हणतात. आप्त म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो खरं सांगतो, असा माणूस. शेवटी मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, "सर, आप्ताची भाषाच मला येत नसेल तर? मग मी विश्वास कुणावर ठेवते? आप्तावर, की अर्थ सांगणाऱ्यावर?" वेळ संपली होती, म्हणून मी उत्तर आजवर ढकललं. खरं सांगायचं तर मलाही विचार करायला वेळ हवा होता.

आज हे उत्तर बायबलच्या भाषांतरांच्या इतिहासात शोधू. हा इतिहास युरोपातून निघतो आणि आपल्या केडगावपर्यंत येतो.

आधी एक गैरसमज दूर करू. बायबल मुळात लॅटिनमध्ये नाही. जुना करार मुख्यतः हिब्रूत आहे, नवा करार ग्रीकमध्ये. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम यानं लॅटिन भाषांतर हाती घेतलं. तेव्हा पश्चिमेकडे लॅटिन ही लोकांची भाषा होती. या भाषांतराला पुढे 'व्हल्गेट' हे नाव पडलं, त्याचा अर्थच 'सर्वसामान्यांमध्ये रूढ असलेलं'. पण पुढच्या हजार वर्षांत लोकांच्या बोली बदलल्या आणि लॅटिन धर्मगुरूंपुरती, विद्वानांपुरती उरली. म्हणजे लोकांना कळावं म्हणून केलेलं भाषांतरच लोकांना कळेनासं झालं.

मग ते पुन्हा लोकभाषेत आणू पाहणाऱ्यांचं काय झालं? इंग्लंडमध्ये विक्लिफ १३८४ साली वारला. त्याच्या प्रेरणेनं बायबल इंग्रजीत आलं होतं. १४१५ मध्ये धर्मपरिषदेनं त्याला पाखंडी ठरवलं आणि १४२८ मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. विल्यम टिंडेल यानं नवा करार थेट ग्रीकमधून इंग्रजीत आणला. १५३६ साली त्याला गळा आवळून मारलं आणि मग देह जाळला. आपल्याकडे तेव्हा एकनाथ लहान मूल असतील. पुढे त्यांनी भागवत मराठीत आणलं म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारल्याची कथा तुम्ही ऐकलीच आहे. प्रश्न दोन्हीकडे एकच.

आता बघा, टिंडेलनं असं केलं तरी काय? तीन शब्द सांगतो. ग्रीकमध्ये 'एक्लेसिया' असा शब्द आहे, म्हणजे जमलेले लोक. चर्च त्याचा अर्थ 'चर्च' असा घेई. टिंडेलनं लिहिलं, 'जमलेली मंडळी'. दुसरा शब्द 'प्रेस्बिटेरॉस'. रूढ अर्थ धर्मगुरू. यानं लिहिलं, 'वडीलधारा माणूस'. तिसरा 'मेटानोइया'. लॅटिन परंपरेत त्याचा अर्थ झाला होता प्रायश्चित्त घेणं. टिंडेल म्हणाला, नाही, पश्चात्ताप करणं. प्रायश्चित्त द्यायला कुणीतरी लागतो. पश्चात्ताप माणूस घरी बसूनही करू शकतो. तीन शब्द बदलले आणि संस्थेच्या पायाखालची जमीन हलली. कोशातला वाद हा कधी कधी सत्तेचा वाद असतो, तो असा.

चर्चची बाजूही समजून घ्यायला हवी. कुठलाही ग्रंथ आपण होऊन बोलत नाही. कोणती पुस्तकं बायबलमध्ये घ्यायची, हेही परंपरेनंच ठरवलं. प्रत्येकानं आपापला अर्थ लावला तर एकी कशी राहील, हा प्रश्न खोटा नव्हता. ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोघेही पोपच्या विरोधात उभे राहिलेले. १५२९ मध्ये मारबुर्गला ते एकत्र बसले आणि भाकरीविषयीच्या येशूच्या वाक्यातल्या 'आहे' या एका क्रियापदावर त्यांचं जमलं नाही. १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं व्हल्गेट अधिकृत ठरवलं. १५६४ च्या नियमांनी लोकभाषेतलं बायबल वाचायला बिशपची किंवा इन्क्विझिटरची परवानगी आवश्यक केली.

हे नियम लागू असतानाच थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, अक्षरं रोमन. लक्षात घ्या, हे भाषांतर नाही. बायबलमधली कथा पुराणाच्या घाटात पुन्हा सांगितली आहे. कथा सांगायला मुभा होती. मूळ ग्रंथ लोकांच्या हाती देणं ही वेगळी गोष्ट होती.

ग्रंथ हाती द्यायचं काम पुढे प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी केलं. विल्यम कॅरी आणि वैजनाथ पंडित यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरहून निघाला, बंगालमधल्या श्रीरामपूरहून. अमेरिकन मिशननं मुंबईत आपला नवा करार १८२६ मध्ये काढला. आपल्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप आले ते १८४५ मध्ये. त्यांच्या नावाचं कॉलेज इथून फार लांब नाही. या परंपरेतल्या मराठी बायबलमध्ये टिंडेलचे तीन शब्द शोधा. 'मंडळी', 'वडील', 'पश्चात्ताप'. सुरुवातीला मी तुम्हाला 'मंडळी' म्हणालो ना, त्या साध्या शब्दामागे एवढं सगळं आहे. आणि कॅथलिक मराठीत? तिथं रूढ शब्द आहे 'ख्रिस्तसभा'.

पण आत्तापर्यंतचे सगळे अनुवादक पुरुष. आता पंडिता रमाबाईंकडे येऊ.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करला. आईनं मुलीला शिकवलं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथं रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आणि लगेच खटके उडू लागले. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना जसाच्या तसा पटेना. त्यांनी मुलग्यांना शिकवावं का, यावर बिशप मत देऊ लागले. सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत रमाबाईंचं म्हणणं स्पष्ट आहे: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच सुटले आहे, दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, बिशप बोलले म्हणून ते देवाचं बोलणं होत नाही. श्रद्धा सोडली नाही बरं का. ग्रंथ त्यांना प्रमाणच होता. मधला माणूस नको होता.

पण मधला माणूस नको, तर मूळ भाषा यायला हवी. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचं भाषांतर हाती घेतलं. रूढ भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, त्यातल्या शब्दांना आधीचे अर्थ चिकटलेले आहेत, साध्या बाईला ते नीट कळणार नाही, अशी त्यांची तक्रार. बघा, संस्कृतसाठी पदवी मिळालेली बाई संस्कृत शब्द वेचून बाहेर काढते आहे! खिळे जुळवायचे, छापायचं, हे काम मुक्तीच्या छापखान्यातल्या बायकांनी केलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

आणि पुढे? मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचीच भाषांतरं चालू राहिली. इथं बिशप आडवा आला नाही, कुणाला जाळलं नाही. रूढी आणि समिती एवढं पुरेसं झालं. दुसरी बाजूही सांगतो. मुक्तीतल्या बायकांसाठी कोणता शब्द योग्य, हे अखेर रमाबाईच ठरवत होत्या. म्हणजे अधिकार त्यांच्याकडेही आलाच.

कॅथलिक चर्चही बदललं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये लोकभाषांतल्या भाषांतरांना उत्तेजन दिलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ज्या कामासाठी एकेकाळी परवानगी लागे, ते धर्मगुरूनंच केलं.

तर आता त्या मुलीचा प्रश्न. तुम्ही विश्वास अर्थ सांगणाऱ्यावरच ठेवता, हे मान्य करून टाकू. भाषांतरानं अधिकार नाहीसा होत नाही, तो हात बदलतो. बिशपकडून अनुवादकाकडे, अनुवादकाकडून समितीकडे. पण एक फरक पडतो. एकच भाषांतर असेल तर तेच प्रमाण होऊन बसतं. दोन असली की वाचक विचारू शकतो: इथं 'मंडळी' का आणि तिथं 'ख्रिस्तसभा' का? ज्याला हा प्रश्न विचारता येतो, त्याच्यापुढे अर्थ सांगणाऱ्याला कारण द्यावं लागतं. माझ्या मते स्वातंत्र्य इतकंच असतं, आणि ते थोडं नाही.

घरी गीतेची दोन मराठी भाषांतरं असतील, तर एकच श्लोक दोन्हींत काढून वाचा. कुठे फरक पडतो ते लिहून आणा. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.