घरभाड्याची अनामत

रोजगारासाठी परगावी गेलेल्या माणसाला सर्वांत आधी निवारा शोधावा लागतो. भाड्याचे घर मिळवताना पहिल्या महिन्याच्या भाड्याबरोबरच एक मोठी रक्कम घरमालकाकडे ठेवावी लागते. या रकमेला मराठीत अनामत म्हणतात. बोलीभाषेत 'डिपॉझिट' हा शब्द रूढ आहे. चेन्नईत याच रकमेला 'अ‍ॅडव्हान्स' म्हणतात. अनामत ही घराची किंमत नव्हे आणि भाडेही नव्हे. भाडेकरूने भाडे थकवले किंवा घराचे नुकसान केले, तर त्याची भरपाई व्हावी म्हणून ती घरमालकाच्या हवाली केलेली असते. ती रक्कम घरमालकाकडे असली तरी तिच्यावरील हक्क भाडेकरूचाच असतो. हे तत्त्व ध्यानात ठेवले, तर ती देताना कोणती काळजी घ्यावी हे सहज उमगते.

चेन्नईतील रीत

चेन्नई आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. तंजावरच्या मराठी राजवटीच्या काळापासून तमिळ प्रदेशात मराठी कुटुंबे वसलेली आहेत. पुढील काळात सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागांतून सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी अनेक कुटुंबे दक्षिणेकडील शहरांत गेली. चेन्नईतील साहुकारपेठेसारख्या सराफी भागात मराठी बोलणे आजही कानावर पडते. अलीकडे कारखाने, संगणक कंपन्या आणि रुग्णालये यांतील नोकऱ्यांसाठीही अनेक मराठी तरुण तेथे जातात.

नव्याने आलेल्या माणसाला घरांच्या दारांवर 'वीडु वाडगैक्कु' अशा पाट्या दिसतात. 'वीडु' म्हणजे घर आणि 'वाडगै' म्हणजे भाडे. घर पसंत पडले की अ‍ॅडव्हान्सची गोष्ट निघते. चेन्नईत दहा महिन्यांच्या भाड्याइतका अ‍ॅडव्हान्स मागण्याची रीत अनेक वर्षे चालत आली आहे. मासिक भाडे ८,००० रुपये असेल, तर या रीतीने ८०,००० रुपये एकरकमी द्यावे लागतात. त्याशिवाय पहिल्या महिन्याचे भाडे आणि दलालाची दलाली निराळी. अनेक कुटुंबे ही रक्कम दागिने गहाण ठेवून किंवा गावाकडून उसनवार आणून उभी करतात. एवढी रक्कम बुडाली, तर त्या कुटुंबाची कित्येक वर्षांची बचत नाहीशी होते.

कायदा काय सांगतो

तमिळनाडूत १९६० चा घरभाडे नियंत्रण कायदा दीर्घकाळ लागू होता. त्यानुसार एका महिन्याच्या भाड्याहून अधिक रक्कम आगाऊ घेण्यास मनाई होती. तरीही दहा महिन्यांची रीत सर्रास चालू राहिली. केवळ कायदा असल्याने व्यवहार बदलत नाही. त्याची माहिती असलेला नागरिकही असावा लागतो, हेच यावरून दिसते.

त्या कायद्याच्या जागी तमिळनाडू विधानसभेने २०१७ मध्ये घरमालक व भाडेकरू यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या ठरविणारा नवा कायदा केला. तो २२ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला. त्यातील तीन तरतुदी अनामतीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली तरतूद अशी की, भाडेकरार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी भाडे प्राधिकरणाकडे झाली पाहिजे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी देशभर सक्तीची असल्यामुळे अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा सर्वत्र पडली आहे. तथापि तमिळनाडूच्या शहरी भागात करार अकरा महिन्यांचा असला, तरी भाडे प्राधिकरणाकडील नोंदणीतून सुटका होत नाही.

दुसरी तरतूद रकमेविषयी आहे. करारात वेगळे ठरले नसेल, तर तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही. वरील उदाहरणात ही मर्यादा २४,००० रुपये होईल. 'वेगळे ठरले नसेल तर' हे शब्द मात्र लक्षपूर्वक वाचले पाहिजेत. दहा महिन्यांची रक्कम लिहिलेल्या करारावर भाडेकरूने सही केली, तर तीन महिन्यांच्या मर्यादेचा आधार त्याला उरत नाही. म्हणून घासाघीस करायची ती सहीपूर्वीच केली पाहिजे.

तिसरी तरतूद परताव्याची आहे. घर रिकामे केल्यानंतर एक महिन्याच्या आत, भाडेकरूकडून येणे असलेली रक्कम वजा करून, उरलेली अनामत परत करणे घरमालकावर बंधनकारक आहे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविलेली आहे. हा नमुना कायदा असल्याने राज्याने तो स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून ती जबाबदारी घरमालकावर आहे. राज्य बदलले की नियमही बदलतात. म्हणून पुण्यामुंबईचा अनुभव चेन्नईत जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

पैसे देण्यापूर्वी

अनामत योग्य माणसाच्या हाती पडते की नाही, याची खात्री सर्वांत आधी करावी. घर दाखवणारा माणूस मालकच असेल असे नाही. तो दलाल असेल, मालकाचा नातेवाईक असेल, किंवा त्या घरात आधीपासून राहणारा भाडेकरूही असेल. म्हणून मालमत्ता कराची अलीकडची पावती आणि वीजबिल पाहावे. त्यांवरील नाव आणि घरमालकाच्या ओळखपत्रावरील नाव जुळते का, हे ताडून घ्यावे. मालक परगावी असेल आणि दुसराच कोणी करार करीत असेल, तर त्याला तसा लेखी अधिकार देणारे मुखत्यारपत्र आहे का, हे विचारावे. शक्य असल्यास मालकाशी प्रत्यक्ष बोलावे. शेजाऱ्यांकडे सहज केलेली चौकशीही पुष्कळ सांगून जाते.

मोठी रक्कम गुंतणार असेल, तर मालमत्तेवरील बोजा तपासावा. नोंदणी विभागाकडून मिळणाऱ्या बोजा प्रमाणपत्रावरून त्या घराचे नोंदलेले व्यवहार व गहाणखते कळतात. तमिळमध्ये याला 'विल्लंग सान्ड्रिदळ' म्हणतात. घर बँकेकडे गहाण असेल आणि मालकाने कर्ज थकवले असेल, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. अशा वेळी भाडेकरूला घर सोडावे लागते आणि अनामतीसाठी मालकामागे हिंडावे लागते.

चेन्नईत 'लीज' किंवा 'भोग्यम' या नावाने चालणाऱ्या व्यवहारात ही तपासणी विशेष गरजेची ठरते. यात भाडेकरू काही लाख रुपये एकरकमी देतो, दरमहा भाडे देत नाही, आणि मुदत संपल्यावर संपूर्ण रक्कम परत घेतो. महाराष्ट्रातील 'हेवी डिपॉझिट'ची पद्धत याच्याशी मिळतीजुळती आहे. दरमहाचे भाडे वाचते म्हणून हा व्यवहार आकर्षक वाटतो. परंतु त्यात फसवणुकीचे प्रकारही घडले आहेत. मध्यस्थ मालकाकडून घर मासिक भाड्याने घेतो आणि तेच घर दुसऱ्या कुटुंबाला लीजवर देऊन लाखोंची रक्कम स्वतःच ठेवतो. काही महिन्यांनी तो भाडे भरणे थांबवतो. मग मालक दाराशी येतो, तेव्हा त्या कुटुंबाला खरा प्रकार कळतो. अशा व्यवहारात करार थेट मालकाशीच व्हावा आणि रक्कम मालकाच्याच खात्यात जावी.

घर न पाहता पैसे पाठवणे हा आणखी एक धोका आहे. संकेतस्थळावर सुंदर छायाचित्रे आणि अगदी कमी भाडे दाखवून 'आजच थोडी रक्कम भरा, नाहीतर घर जाईल' अशी घाई केली जाते. कधी पैसे परत करण्याच्या बहाण्याने मोबाइलवर चौकटीचे चिन्ह पाठवून गुप्त क्रमांक टाकायला सांगितले जाते. गुप्त क्रमांक केवळ पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. अशी फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

करार आणि पावती

आधी करार आणि मग पैसे, असा क्रम असावा. घर राखून ठेवण्यासाठी थोडी विसाररक्कम द्यावी लागलीच, तर तिचीही पावती घ्यावी आणि ती अनामतीत वळती होईल असे लिहून घ्यावे.

करार तमिळ किंवा इंग्रजी भाषेत असण्याचा संभव असतो. न समजणाऱ्या कागदावर सही करू नये. भाषा जाणणाऱ्या विश्वासू व्यक्तीकडून तो शब्दशः वाचून घ्यावा. करारात अनामतीची रक्कम अंकी व अक्षरी लिहिलेली असावी. ती कोणत्या दिवशी आणि कशी दिली, ती बिनव्याजी आहे का, घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, आणि रक्कम किती दिवसांत परत मिळेल, या बाबी स्पष्ट असाव्यात.

रंगकामाच्या कलमाकडे विशेष लक्ष द्यावे. घर सोडताना रंगकामासाठी म्हणून एका महिन्याचे भाडे कापून घेण्याची रीत चेन्नईत आढळते. २०१७ च्या कायद्याच्या अनुसूचीत भिंतींची रंगसफेदी ही मालकाने करायच्या कामांत धरलेली आहे. मात्र करारात निराळे ठरले असेल, तर तेच लागू होते. नेहमीच्या वापराने झालेली झीज आणि भाडेकरूच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान यांतील फरकही करारात नोंदवलेला बरा. दोन वर्षांनी भिंतीचा रंग फिका पडणे ही झीज आहे. खिडकीचे तावदान फुटणे हे नुकसान आहे.

रक्कम शक्यतो धनादेशाने किंवा बँक खात्यातून द्यावी, म्हणजे तिची नोंद राहते. रोख द्यावी लागली तर साक्षीदारासमोर द्यावी आणि सहीची पावती घ्यावी. दिलेल्या रकमेची लेखी पावती मिळणे हा भाडेकरूचा कायदेशीर हक्क आहे. तमिळमध्ये पावतीला 'रसीदु' म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला परका वाटू नये.

राहायला जाताना आणि घर सोडताना

सामान लावण्यापूर्वी रिकाम्या घराची पाहणी करावी. भिंतीतील ओल, नळांची गळती, दिवे, पंखे, पाण्याची मोटर यांची यादी करून तीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. वीजमीटरचा आकडा टिपून घ्यावा. तमिळनाडूत घरगुती वीजबिल दोन महिन्यांनी येण्याची पद्धत असल्याने, मध्येच घर सोडणाऱ्याच्या शेवटच्या बिलावरून वाद होतात. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे हाताशी असतील, तर हिशेब क्षणात मिटतो.

घर सोडण्याची सूचना लेखी द्यावी. शेवटच्या महिन्यांचे भाडे अनामतीतून परस्पर वळते करून घेणे सोयीचे वाटते. पण मालकाची लेखी संमती नसेल, तर ती थकबाकी मानली जाऊ शकते. किल्ल्या परत करताना कपातीचा तपशीलवार हिशेब मागावा. ८०,००० रुपयांच्या अनामतीतून वीजबिलाचे १,२०० आणि फुटलेल्या तावदानाचे ८०० रुपये वजा झाले, तर ७८,००० रुपये परत मिळाले पाहिजेत.

मुदतीत रक्कम मिळाली नाही, तर कराराची प्रत जोडून स्पीड पोस्टने लेखी मागणी करावी. वादांच्या निवारणासाठी कायद्याने भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय आणि भाडे न्यायाधिकरण अशी यंत्रणा ठरवून दिली आहे. कोणत्या वादासाठी कोठे जावे, याचा सल्ला विधी सेवा प्राधिकरणाकडे मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्न असलेले नागरिक यांना तेथे विनामूल्य साहाय्य मिळू शकते.

बहुतेक घरमालक प्रामाणिक असतात. त्यांच्याकडे पावती मागणे हा अविश्वास नव्हे. लेखी नोंदीमुळे मालकालाही भाडेकरूच्या खोट्या तक्रारीपासून संरक्षण मिळते. परक्या शहरात, परक्या भाषेत ओळखीचे माणूस दरवेळी पाठीशी असेलच असे नाही. तेथे जपून ठेवलेला कागदच आपली साक्ष देतो.

शब्दार्थ

अनामत – विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली रक्कम
गलाई – सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे काम
बोजा – मालमत्तेवरील कर्जाचा किंवा गहाणाचा भार
मुखत्यारपत्र – आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा दस्तऐवज
विसार – व्यवहार पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम
तावदान – खिडकीची काच

स्वाध्याय

१. अनामत आणि भाडे यांतील फरक स्पष्ट करा.
२. 'घासाघीस करायची ती सहीपूर्वीच केली पाहिजे' असे पाठात का म्हटले आहे?
३. मासिक भाडे ६,५०० रुपये असल्यास तीन महिन्यांची आणि दहा महिन्यांची अनामत किती होईल?
४. अनामत मिळाल्याची पावती घरमालकाच्या वतीने तयार करा. तीत रक्कम अंकी व अक्षरी लिहा.