रिमांड होमची धास्ती

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तहसिलीतील एखाद्या गावी पंधरा वर्षांच्या मुलाने रात्री कोणाच्या विहिरीवरील मोटरपंपाची केबल कापली, तिचे आवरण जाळून आतले तांबे भंगारवाल्यास विकले, अशी फिर्याद आली म्हणजे पारावर दोन मते हटकून ऐकू येतात: ‘पोरगा आता रिमांड होमात सडणार’ आणि ‘अल्पवयीन आहे, त्याला काही होत नाही’. परस्परविरुद्ध असूनही दोन्ही सारखीच चुकीची असावीत, ही मौजच म्हणावयाची.

15 जानेवारी 2016 पासून अमलात आलेल्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अशा मुलास कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते, आणि तेथे न्यायदंडाधिकाऱ्याच्या शेजारी दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांत एक तरी स्त्री असावी लागते. लोक ज्यास रिमांड होम म्हणतात ते निरीक्षणगृह म्हणजे चौकशीपुरता मुक्काम होय. जामीन हा नियम आणि तो मुक्काम अपवाद.

‘काही होत नाही’ हा समज मात्र अधिक खोलवर रुजलेला आहे. शाळा कधी सुटली, कापूस वेचावयास कोणाबरोबर जात होता, बाप घरी असतो की नाही, हे घरी येऊन विचारणारा परिवीक्षा अधिकारी 15 दिवसांत आपला अहवाल देतो. आणि मुलगा दोषी ठरल्यास मंडळ त्यास, पालकांकडून मुचलका लिहवून घेऊन, 3 वर्षांपर्यंत देखरेखीखाली घरीच ठेवू शकते, 14 वर्षांवरील असल्यास इस्पितळात वा वृद्धांच्या सेवेस लावू शकते, शाळेची वा व्यसनमुक्तीची अट घालू शकते, अमुक जागी फिरकू नये असेही बजावू शकते. दारूबंदी असलेल्या ह्या जिल्ह्यात ती जागा कोणती, हे आईबापांस फोड करून सांगावे लागू नये. विशेष गृहात पाठविण्याचा मार्ग मंडळास खुला असतो, पण तोही 3 वर्षांपलीकडे जात नाही. 16 वर्षांवरील मुलाने निर्घृण अपराध केल्यास वेगळी तरतूद आहे, परंतु केबलचोराचा तिच्याशी संबंध नाही.

हे लाड अलीकडचे, असे म्हणणाऱ्यांस एवढेच सांगावे की, वर्धा जिल्हा मध्यप्रांतात होता तेव्हा, 1928 सालीच, त्या प्रांताने मुलांसाठी निराळा कायदा केला होता.

राहिला ‘जन्माचा डाग’ लागण्याचा धाक. पुढेमागे हाच मुलगा नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मागावयास ठाण्यात गेला, तर निकालात निघालेल्या त्या प्रकरणाचा उल्लेख दाखल्यात करण्यास कायद्याने पोलिसांना मनाई आहे.