दाताची टोपी

दाताची टोपी, बोलीभाषेत कॅप, म्हणजे किडलेल्या, तुटलेल्या किंवा रूट कॅनल उपचार झालेल्या दातावर बसवले जाणारे कृत्रिम आवरण होय. ते धातूचे, धातूवर सिरॅमिक चढवलेले किंवा झिरकोनियाचे असते. योग्य निगा राखल्यास टोपी साधारणतः १० ते १५ वर्षे, काही वेळा त्याहूनही अधिक टिकते.

टोपीला कीड लागत नाही. तिच्या आतील दात मात्र किडू शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हिरडीलगत जेथे टोपीची कड संपते तेथे अन्नकण साचतात आणि कीड तेथूनच आत शिरते. रूट कॅनलमध्ये दाताची नस काढलेली असल्याने असा दात किडताना ठणकत नाही. टोपी हलू लागते किंवा दाताच्या तुकड्यासह हातात येते, तेव्हाच रुग्णास कळते. म्हणून दुखत नसले तरी वर्षातून किमान एकदा तपासणी आवश्यक ठरते.

तात्पुरती टोपी

दात तासून माप घेतल्यावर कायमची टोपी तयार होऊन येण्यास काही दिवस ते दोन आठवडे लागतात. तोवर तात्पुरती टोपी असते. ती पुढे सहज काढता यावी म्हणून मुद्दामच कच्च्या सिमेंटने चिकटवलेली असते. रायगड जिल्ह्यातील माणगाव हे रेल्वे व महामार्गावरील गाव असल्याने तळा, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतील लोकांना सोयीचे पडते. तरी भातलावणीच्या दिवसांत दुसरी फेरी लांबणीवर टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. तात्पुरती टोपी निघाल्यास शेजारचे दात सरकतात आणि मापाने बनवलेली टोपी बसत नाही.

निगा

बधिरता उतरेपर्यंत, म्हणजे दोन ते चार तास, काही चावू नये. गाल वा जीभ चावली जाते. पहिले २४ तास चिक्की, फणसाचे गरे असे चिकट पदार्थ वर्ज्य. सुपारी दाताने फोडण्याची सवय मात्र कायमची सोडावी लागते. श्रीवर्धनची रोठा सुपारी कितीही नामांकित असली तरी तिच्यासाठी अडकित्ता आहे. मिश्रीही सोडावी : तंबाखूमुळे हिरड्या खाली सरकतात व टोपीची कड उघडी पडते. फ्लोराइडयुक्त पेस्ट व मऊ ब्रशने दोनदा दात घासावेत आणि दातांच्या फटींतून रोज दोरा फिरवावा. तात्पुरती टोपी असताना तो वर न ओढता बाजूने काढावा.

नस जिवंत असलेल्या दातास काही दिवस गार पाणी झोंबते, ते स्वाभाविक आहे. परंतु तोंड मिटताना टोपी आधी टेकत असेल तर सवय होईल म्हणून थांबू नये. उंची कमी करून घेण्याचे काम काही मिनिटांचे असते. झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्रीचे संरक्षक आवरण वापरावे.

टोपी निघाल्यास ती धुऊन डबीत ठेवावी व एक-दोन दिवसांत दंतवैद्यास दाखवावी. घरगुती गोंदाने चिकटवू नये. सैल टोपी तोंडात ठेवून झोपू नये. ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.