मृत्युपत्र काय फक्त पुरुषांनीच करायचं?

नामपूरच्या बाजारात कांदा विकून पै-पै साठवणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यामागे ते पैसे कुणाला मिळतील? नारायणीदेवींचंच बघा ना. १९५५ साली लग्न, तीनच महिन्यांत वैधव्य. सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी लागली. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करताच त्या गेल्या. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांची सगळी कमाई दिली कुणाला? सासरच्यांना! कायदाच तसा आहे. मूलबाळ नसलेल्या हिंदू विधवेच्या स्वकमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क, आईवडील त्यानंतर. मृत्युपत्र असेल तर मात्र तुम्ही म्हणाल त्यालाच. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. सही येत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. आणि मन बदललं, तर नवं करता येतं.