विक्रीला निघालेली एमएम ५४०

जुन्या जीपना सध्या चांगलं गिऱ्हाईक आहे, जाऊन बघा, असं संपादकांनी सांगितलं म्हणून जुन्नरला गेले. तिथल्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये निवृत्त गुरुजींची १९९४ची महिंद्रा एमएम ५४० विक्रीसाठी उभी होती.

महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही गाडी. प्यूजो बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, पुढे-मागे पाटे. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. ते थेट गाडीखाली शिरले.

"रंग काय ताई, कुणीही मारून देतं. फोर-व्हील पडतंय का, ते आधी बघायचं."

गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे आहेत. एक पुढचा एक्सल जोडतो, दुसरा गाडी 'लो'मध्ये टाकतो. मी दुसरा आधी ओढून पाहिला. ढिम्म हलेना. 'लो'मध्ये चाकांवरचा जोर जवळजवळ अडीचपट होतो. तो सगळा एकट्या मागच्या एक्सलवर आला तर शाफ्ट तुटायचा. म्हणून दांड्यांखालच्या गिअरच्या पेटीत एक अडसर बसवलेला आहे: पुढची चाकं जोडल्याशिवाय 'लो' पडतच नाही. तीस वर्षं वापरलेल्या पेटीतला हा अडसर अजून तितकाच हट्टी आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं.

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या पेटीत तो फरक सोसायची सोय नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावायचं नसतं. परिणामी बहुतेक जुन्या जीपमध्ये ते वर्षानुवर्षं लागतच नाही. ग्रीस वाळतं, सांधे गंजतात. गुरुजी मात्र दर महिन्याला गाडी शेतातल्या मऊ मातीत नेऊन दोन्ही दांडे टाकत आले. मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. किंगपिनला खेळ नाही. क्रॉसही घट्ट.

"असा एक्सल मला वर्षात एखादा दिसतो," ते म्हणाले. किंमत तिथेच वाढली.

मग कागद निघाले, आणि दुपार त्यातच गेली. नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. हिची २०२९पर्यंत आहे. २०२२मध्ये मोटारींना त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झालं होतं, पर्यावरण कर वेगळा. गोव्याच्या एका गिऱ्हाइकाला गाडी आवडली होती. पण परराज्यात न्यायची तर ना-हरकत, नवी नोंदणी, तिथला कर. तो मागे हटला. दुसऱ्याला हिच्यात वेगळं इंजिन बसवायचं होतं. परवानगीशिवाय तसं केलं तर पासिंगला गाडी अडते, आणि एवढी जपलेली गाडी फोडायला द्यायची हे गुरुजींना सहन होईना. मलाही ते पटलं.

उरला नाशिकचा. त्याला गाडी आजच हवी होती, 'नावावर नंतर करू' म्हणाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय: गाडी कितीही हात बदलो, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते. गुरुजींनी नमुना २९ आणि ३०वर सह्या केल्या, पण गाडी दिली नाही.

"नाव चढू दे बाबा, मग ने. तोवर इथंच राहील."

नाशिककराने बयाणा ठेवला. मिस्त्रींनी ग्रीसगन उचलली. महिन्याच्या फेरीची वेळ आलीच होती.