एकच रक्त, दोन रिपोर्ट : एएनए तपासणीचा माल पारखून घ्या

कापडाच्या धंद्यात आम्हास तीस वर्षांहून अधिक काळ झाला. ताका हातात घेतला की पोत, वीण आणि वजन पाहिल्याशिवाय आम्ही सौदा करीत नाही. परंतु रक्ततपासणीच्या काउंटरवर आपण मुकाट्याने पैसे मोजतो आणि काय विकत घेतले हे विचारतही नाही. या गाफीलपणाची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर आणीत आहोत.

आमच्या धाकट्या भावजयीस सांधेदुखी, उन्हात गेल्यावर गालांवर लाली, केस गळणे असा त्रास सुरू झाला. गावातील एका प्रयोगशाळेत एएनए तपासणी केली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. घरात सर्वांना तसल्ली वाटली आणि चार महिने दुखणे थांबविण्याच्या गोळ्यांवर गेले. पाय सुजू लागले तेव्हा संधिवाततज्ज्ञांकडे नेले. त्यांनी जुना रिपोर्ट पाहून पहिलाच प्रश्न केला, "ही तपासणी कोणत्या पद्धतीने केली?" रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'इलायझा' असे छापले होते. दुसऱ्या पद्धतीने तपासल्यावर १:६४० पॉझिटिव्ह निघाले. लघवीतून प्रथिने जात होती. ल्युपस हा आजार मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता.

प्रयोगशाळेने फसविले, असे आम्हास प्रथम वाटले. तसे नव्हते. त्यांनी जी तपासणी विकली ती प्रामाणिकपणे केली होती. फक्त ती वेगळी तपासणी होती.

शरीराचे रक्षण करणारी प्रतिपिंडे कधी कधी स्वतःच्याच पेशींवर उलटतात. पेशीच्या केंद्रकावर उलटणाऱ्या प्रतिपिंडांना एएनए म्हणतात. ती शोधण्याची जुनी पद्धत म्हणजे आयएफए, अर्थात चकाकीची तपासणी. काचपट्टीवर हेप-२ नावाच्या मानवी पेशी असतात. त्यांवर रुग्णाच्या रक्तातील द्रव पातळ करून सोडतात, नंतर हिरवी चकाकी देणारा रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड. प्रतिपिंडे चिकटली असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी चमकते. कोठे सलग, कोठे ठिपकेदार, अशी नक्षीही दिसते आणि नक्षीवरून आजाराचा अंदाज येतो. १:६४० म्हणजे द्रव ६४० पट पातळ करूनही चमक दिसली. पेशी अख्खी असल्याने शंभराहून अधिक लक्ष्ये एकाच वेळी तपासली जातात. दोष असा की वाचणारा डोळा माणसाचा आहे. एकाच कापडाची शेड दोन दलाल वेगवेगळी सांगतात, तसेच येथेही घडते.

इलायझात प्लॅस्टिकच्या खळग्यांत निवडक लक्ष्ये आधीच चिकटवलेली असतात. रंग उमटतो आणि यंत्र आकडा देते. काम झटपट, नमुने अनेक, खर्च बहुधा कमी. परंतु खळग्यात जे ठेवलेच नाही ते सापडणार कसे? अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजी या संस्थेने २००९ साली आयएफए हीच एएनएची प्रमाण पद्धत राहावी असे मत दिले आणि प्रयोगशाळांनी रिपोर्टवर पद्धत लिहावी असेही सांगितले.

मग आयएफए करून घेतली की झाले? नाही. आमच्या पेढीवरील मुनीमजींनी एका हेल्थ पॅकेजमध्ये एएनए करवून घेतले, १:८० पॉझिटिव्ह. अंगात कसलाही त्रास नाही, पण महिनाभर झोप उडाली. १९९७ साली अनेक देशांतील १५ प्रयोगशाळांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धडधाकट माणसांपैकी १:४० वर सुमारे ३२ टक्के, १:८० वर १३ टक्के आणि १:१६० वर ५ टक्के पॉझिटिव्ह निघाले होते. लक्षणे नसताना ही तपासणी करणे म्हणजे पैसे देऊन फिकीर विकत घेणे होय. मुनीमजींना हे आकडे दाखविले तेव्हा कोठे ते जेवले.

उलट प्रकारही आहे. 'रो' नावाचे प्रतिपिंड हेप-२ पेशींवर कधी कधी निसटते. इलायझात किंवा पट्टीवरच्या ब्लॉट तपासणीत ते पकडले जाते. ही क्षुल्लक बाब नव्हे. मातेच्या रक्तातील हे प्रतिपिंड काही थोड्या गर्भांच्या हृदयाचे ठोके मंदावते. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया, त्यांतील बहुतेक बाळंतपणाच्या वयातील. म्हणून लक्षणे ठळक असतील तर निगेटिव्ह एएनएवर तज्ज्ञ थांबत नाहीत.

डीएनएविरोधी प्रतिपिंडांचीही हीच गोष्ट. क्रिथिडिया नावाच्या, माणसास निरुपद्रवी अशा सूक्ष्म जीवावर केलेली तपासणी पॉझिटिव्ह आली तर ल्युपसबद्दल चांगला भरवसा देते, पण बरेच रुग्ण तिच्यातून सुटतात. इलायझा अधिक रुग्ण पकडते. सोबत काही निरोगीही पकडते.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी विचारावे : पद्धत कोणती? आयएफए असल्यास कितव्या पातळीपर्यंत पॉझिटिव्ह आणि नक्षी कोणती, हे लिहून मिळेल काय? प्रयोगशाळेस एनएबीएलची मान्यता असल्यास तीही या तपासणीसाठी आहे का, ते पाहावे. मान्यता एकेका तपासणीची असते, सर्व दुकानाची नव्हे.

भावजयीची प्रकृती आता बरी आहे. मागच्या खेपेस काउंटरवरील मुलाने यादीत पुन्हा एएनए घातले होते. डॉक्टरांनी त्यावर रेघ मारली. एकदा पॉझिटिव्ह आले की आजार वाढला की घटला हे एएनएवरून कळत नाही, असे ते म्हणाले. लघवी, सी-३, सी-४ आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडे एवढेच ठेवले. आणि शेवटचे दरवेळी त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने करावे असे बजावले, कारण एका किटचा आकडा दुसऱ्या किटच्या आकड्याशी जुळत नाही.